नक्की लॉक केली होती का?

गाडी चोरीला गेली याचा ब्रेकबाईंना राग आलाच होता. पण त्याहून मोठा राग आला होता तो एका प्रश्नाचा. "नक्की लॉक केली होती का?"

हा प्रश्न पहिल्यांदा त्यांच्या यजमानांनी विचारला. सकाळी दार उघडून, समोरची रिकामी जागा बघून, तोंडातला ब्रशही न काढता. मग सासूबाईंनी विचारला. मग शेजाऱ्यांनी, पेपरवाल्याने, फोनवरून दोन्ही नणंदांनी. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने तर डोकेदुखीची गोळी देता देता विचारला, आणि ती गोळी बाईंनी तिथेच काउंटरवर आपटून परत केली.

ब्रेकबाई हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. बाई ड्रायव्हिंग शिकवत. वीसेक वर्षं त्या शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसून "ब्रेक! अहो, ब्रेक!" असं ओरडत शहरभर फिरल्या होत्या, त्यामुळे लोक त्यांना दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं. त्यांच्याकडे पहिल्या दिवशी गाडी चालवायला शिकवतच नसत. गाडीतून उतरायला शिकवत. काचा वर, दिवे बंद, हँडब्रेक, लॉक, आणि लॉक झालं की हँडल ओढून खात्री. जो हँडल ओढायला विसरे, त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा नुसतं उतरायलाच शिकावं लागे. अशा बाईला 'नक्की लॉक केली होती का' विचारणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला 'पाण्याची भीती नाही ना वाटत' असं विचारण्यापैकी होतं.

शिवाय विचारणाऱ्यांत यजमान पहिले, हे तर बाईंना अजिबातच सहन झालं नव्हतं. कारण त्या रात्री गाडी लॉक करताना यजमान स्वतः हजर होते. हजर असावंच लागे.

त्याचं असं झालं होतं, की आयुष्यभर जुन्या खडखडणाऱ्या गाड्यांवर काढल्यावर बाईंनी नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. शोरूममधला सेल्समन म्हणाला होता, "मॅडम, आता किल्ली पर्समधून काढायचीच नाही. तुम्ही जवळ गेलात की गाडी तुम्हाला ओळखते. आरसे उघडते, दार उघडते. तुम्ही लांब गेलात की आपली आपण लॉक होते."

"आणि नाही झाली तर?"

"होतेच, मॅडम."

बाईंचा 'होतेच' या शब्दावर कधीच विश्वास नव्हता. त्या हँडल ओढून बघायला जात. पण पर्समध्ये किल्ली असल्यामुळे हँडलला हात लावला रे लावला की गाडी मालकीण आली असं समजून उघडायची. लॉक झाली का हे बघायला गेलं की लॉक निघायचं. दोन दिवस बाई गाडीभोवती चडफडत फिरल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी उपाय काढला. रोज संध्याकाळी गाडी घराच्या भिंतीला लावली, की यजमानांनी बाहेर यायचं, बाईंची पर्स हातात घ्यायची आणि रस्त्याच्या टोकाला जाऊन उभं राहायचं. मग बाई हँडल ओढणार, गाडी ढिम्म राहणार, आणि बाई टोकाकडे बघून "या आता!" म्हणणार.

यजमानांचा धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. दिवसभर दुसऱ्यांचे दात हाताळून ते स्वतः फारसं तोंड उघडत नसत. पर्स घेऊन टोकाला उभं राहण्याबद्दलही त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. आणि उघडलं ते नेमकं हा प्रश्न विचारायला!

"पर्स धरून कोण उभं होतं?" बाई कडाडल्या.

"मीच."

"मी हँडल ओढलं तेव्हा दार उघडलं?"

"इतक्या लांबून दिसत नाही गं," यजमान म्हणाले, आणि त्या दिवशी घरात जेवताना फक्त सासूबाई बोलल्या.

गाडी कशी गेली हे शोरूमच्या मेकॅनिकने सांगितलं. रात्री किल्ली घरात दाराशेजारच्या वाटीत, गाडी भिंतीपलीकडे. किल्ली आपली सतत हळू आवाजात 'मी इथे आहे' म्हणत असते. चोर एक यंत्र आणतात, भिंतीला लावतात, आणि तो हळू आवाज गाडीपर्यंत मोठा करून पोचवतात. गाडीला वाटतं मालकीण आली. इलेक्ट्रिक असल्याने जाताना आवाजही नाही.

"हे तुम्हाला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग विकताना का नाही सांगितलं?"

"मी विकत नाही हो, मी दुरुस्त करतो," मेकॅनिक दोन पावलं मागे सरकत म्हणाला.

शेजाऱ्यांचा कॅमेरा होता. पण त्यांची कुंडीतली रोपं कुणीतरी उपटून नेत असल्याने त्यांनी तो कुंड्यांवर रोखला होता. त्यात चार कुंड्या स्वच्छ दिसत होत्या आणि पलीकडून बाईंच्या गाडीचं मागचं चाक शांतपणे निघून जाताना दिसत होतं. बस.

पोलिसांत तक्रार झाली, विमा कंपनीकडे कागद गेले, आणि महिन्याभराने कंपनीचं उत्तर आलं. दावा नामंजूर. कारण, मालकाचा निष्काळजीपणा.

पैसे बुडाले म्हणून बाई चिडल्या असत्या तर गोष्ट वेगळी. गाडी गेल्यापासून त्यांचे शिकाऊ दुसऱ्या क्लासला जायला लागले होते, हप्ते चालूच होते. चिडायला तेवढं पुरेसं होतं. पण बाई तो एकच शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. निष्काळजीपणा. त्यांच्या कपाळाची शीर टरारून फुगली. यजमानांनी न सांगता स्कूटर बाहेर काढली.

कंपनीच्या ऑफिसात दावे बघणारे जे साहेब होते, त्यांची केबिन तळमजल्यावर, मागच्या बाजूला होती. जागा कमी पडली म्हणून पार्किंगचाच एक कोपरा प्लायवूडने अडवून ती काढली होती. आत साहेब उंचेपुरे, गुळगुळीत दाढीचे, बोलायला तर लोण्याहून मऊ.

"बसा ना, मॅडम."

"बसायला आलेली नाही. हे काय लिहिलंय तुम्ही?"

साहेबांनी कागद पाहिला. "हां, ही केस. वाईट वाटलं, मॅडम. पण काय आहे, दार फोडलेलं नाही, कुलपावर ओरखडा नाही..."

"ओरखडा नाही? गाडीच नाहीये! कशावर बघितलात तुम्ही ओरखडा?"

"म्हणजे... रस्त्यावर काचा पडलेल्या नव्हत्या. अलार्म कुणी ऐकला नाही. गाडी लॉक असेल आणि किल्ली घरात असेल, तर ही गाडी उघडूच शकत नाही, मॅडम. बनवणारेच तसं लेखी देतात. मग एकच गोष्ट उरते."

"कोणती?"

"होतं माणसाकडून. विसरतो माणूस. वयपरत्वे..."

"काय परत्वे?"

साहेबांनी तो शब्द गिळला आणि आवाज आणखी मऊ केला. "हे बघा, कंपनीनं मलाही हीच गाडी दिलीय. ही काय, या भिंतीपलीकडे उभी असते. किल्ली माझ्या कोटात." त्यांनी मागे खुंटीवर टांगलेल्या कोटावर थोपटल्यासारखं केलं. "इतक्या दिवसांत कधी काही झालं? नाही. कारण मी काळजी घेतो."

बाईंनी टेबलावर दोन्ही हात आपटले. तेवढ्यात साहेबांच्या कॉम्प्युटरने 'टिंग' केलं, साहेबांनी "माफ करा हं, मीटिंग आहे" म्हणत कानांवर मोठाले हेडफोन चढवले, आणि बाई भेटीला आल्याच नव्हत्या असं धरून ते पडद्याशी बोलायला लागले.

मागच्या पार्किंगमध्ये यजमान डोक्यावर हेल्मेट आणि हातात बाईंची पर्स घेऊन उभे होते. पर्स त्यांच्याकडे द्यायची बाईंना आता सवयच झाली होती.

"काय म्हणाले?"

"म्हातारी म्हणाले मला."

"असं म्हणाले?"

"तोंडानं नाही म्हणाले. आणि मी काळजी घेत नाही म्हणाले. आणि ते घेतात म्हणाले!"

साहेबांची गाडी तिथेच, केबिनच्या प्लायवूडला लागून उभी होती. चकचकीत, पांढरी, झोपल्यासारखी. साहेबांच्या थोबाडीत मारता येत नव्हती. बाईंनी जाऊन त्या गाडीचं हँडल धरलं आणि सगळा राग एकवटून एक हिसका दिला.

खट्.

आरसे अलगद बाहेर आले. दार उघडलं.

दोघंही पुतळ्यासारखे उभे. पलीकडे, प्लायवूडच्या आत, बरोबर समोर, तो कोट टांगलेला होता.

"अगं, ही तर उघडीच—"

"उघडी नव्हती!" बाई ओरडल्या. "उघडली! खट् झालं ते ऐकलंत?"

"ऐकलं."

"आरसे मिटलेले होते, ते उघडले. बघितलंत?"

"बघितलं."

"या वेळी लांब नव्हतात ना?"

"नाही," यजमान कबूल झाले.

"मग जा! बोलावून आणा त्या काळजीवाल्याला! मी इथून हलत नाही. दार लावलं तर परत लॉक होईल आणि मग म्हणेल, दाखवा उघडून." असं म्हणत बाई गाडीत बसल्या आणि एक पाय बाहेर टाकून दार अडवून धरलं.

यजमान आत गेले. स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, "साहेब मीटिंगमध्ये आहेत, बसा." यजमान हे 'बसा' म्हटलं की बसणाऱ्यांपैकी होते. ते बसले. पर्स मांडीवर घेऊन.

इकडे बाईंनी हात लांब करून प्लायवूडवर धपाधप थापा मारल्या. आत हेडफोन. काही उपयोग झाला नाही. फोन करावा तर फोन पर्समध्ये. इतक्यात मागून एक ट्रक आत शिरला आणि त्याने भोंगा वाजवला.

"ओ बाई, गाडी काढा! सामान उतरवायचंय."

"माझी नाहीये गाडी!"

"मग आत कशाला बसलाय?"

"हा पुरावा आहे!"

"मग पुरावा जरा पुढे घ्या," ट्रकवाला म्हणाला. "लोखंडी कपाटं आहेत. रस्त्यात उतरवू का?"

आणि त्याने भोंग्यावरचा हात काढलाच नाही. बाईंना वाटलं, चालू तर होणार नाहीच. तेवढं त्या माणसाला दाखवावं. त्यांनी दार ओढून घेतलं, ब्रेकवर पाय ठेवला, बटण दाबलं. गाडी निमूट चालू झाली. एवढंच नाही, तर साहेब बसलेत असं समजून सीट सरकन मागे गेली आणि बाईंचे पाय हवेत लोंबकळायला लागले.

"नालायक!" बाई गाडीला म्हणाल्या. सीट पुढे ओढून त्यांनी गाडी वळवून चार हात पुढे घेतली. ट्रक लगेच त्या जागेत शिरला. मागून आणखी एक गाडी आली. पार्किंगला आत यायचा रस्ता वेगळा आणि बाहेर जायचा वेगळा; मागे फिरायला जागाच उरली नाही. फाटकावरच्या वॉचमनने साहेबांची गाडी लांबूनच ओळखली, दांडा वर केला आणि आत कोण आहे हे न बघता कडक सलाम ठोकला. बाई रस्त्यावर आल्या.

गाडीच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. 'किल्ली सापडत नाही. गाडी बंद केल्यास पुन्हा सुरू होणार नाही.' आणि टुंई टुंई आवाज सुरू झाला.

"आता सांगतेस?" बाई म्हणाल्या.

एक फेरी मारून परत ऑफिसात शिरायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण रस्ता एकदिशा होता, पहिलं वळण खोदून ठेवलेलं, दुसऱ्यावर डावीकडे वळायला बंदी. ब्रेकबाई नियम मोडणं शक्य नव्हतं. दुसऱ्याची गाडी घेऊन चाललेल्या असल्या तरी. अशा त्या पुढे पुढे जात राहिल्या, आणि समोर पोलीस ठाण्याची पाटी दिसली तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. याच ठाण्यात महिन्यापूर्वी त्यांना तो प्रश्न विचारला होता. आता पुरावा चार चाकांवर दारात आणता येत होता! त्यांनी फाटकातच करकचून ब्रेक मारला, खाली उतरल्या, आणि रागाच्या भरात दार धाडकन लावलं.

गाडी विझली. आरसे मिटले. फाटक पुरतं अडलं. आतून पोलिसांची व्हॅन निघत होती, ती भोंगा वाजवत थांबली.

"कुणाची आहे ही गाडी?" इन्स्पेक्टर तावातावाने बाहेर आले आणि बाईंना बघून एकदम सरळ उभे राहिले. गाडी ते बाईंकडेच शिकले होते. त्यांचा हात आपोआप खांद्यापाशी सीटबेल्ट शोधत गेला. "बाई, तुम्ही? गाडी जरा बाजूला घ्या ना."

"घेता येत नाही. किल्ली नाही."

"मग आणलीत कशी?"

"तेच तर सांगायला आलेय!"

"लायसन्स?"

"पर्समध्ये."

"पर्स?"

"यजमानांकडे."

"यजमान कुठं आहेत?"

"ज्यांची ही गाडी आहे, त्यांच्या ऑफिसात. बसलेत."

इन्स्पेक्टरांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि परत घातली.

तिकडे मीटिंग संपली. यजमान उठून नम्रपणे केबिनमध्ये गेले. "साहेब, तुमची गाडी किल्लीशिवाय उघडलीय. बायको आत बसलीय."

साहेब हसले. "अहो, किल्ली ही बघा." कोटातून किल्ली काढून त्यांनी नाचवली, आणि मग बाहेर येऊन बघतात तर गाडीच्या जागी एक ट्रक, आणि त्यातून उतरलेली कपाटं. साहेबांचा गुळगुळीत चेहरा पांढराफटक पडला. वॉचमन म्हणाला, "साहेब, तुम्ही आत? मग मी सलाम कुणाला ठोकला?"

"पोलीस!" साहेब किंचाळले. "पोलीस ठाणं कुठंय? मला न्या कुणीतरी!"

नेण्यासारखं वाहन एकच होतं. साहेब यजमानांच्या स्कूटरवर मागे बसले. त्यांचे लांब पाय दोन्ही बाजूंना फाकलेले, मांडीवर पर्स, कारण यजमानांनी ती त्यांच्याकडे धरायला दिली होती. मग सिग्नलला थांबल्यावर यजमानांनी मान किंचित वळवली आणि अगदी काळजीने विचारलं, "साहेब, नक्की लॉक केली होती का?"

"म्हणजे काय?" साहेब इतक्या जोरात ओरडले की शेजारचा सायकलवाला दचकला. "मी काय मूर्ख आहे? मी स्वतः केली होती! या हातानं!"

"नाही, सहज विचारलं," यजमान म्हणाले.

ठाण्यात साहेब घुसले तेच बोट रोखून. "हीच ती बाई! हिनं माझी गाडी चोरली!"

"चोरली?" बाई उसळल्या. "चोरून कोणी ठाण्यात आणतं का?"

"आधी फाटक मोकळं करा!" इन्स्पेक्टर गरजले. साहेबांनी गाडी बाजूला घेतली, व्हॅन गेली, आणि मग इन्स्पेक्टरांनी दोघांना समोर उभं करून साहेबांना विचारलं, "दार फोडलं का?"

"नाही."

"काच?"

"नाही."

"किल्ली कुठं होती?"

"माझ्या कोटात. केबिनमध्ये. भिंतीच्या आत!"

"मग गाडी उघडी राहिली असणार."

"नव्हती राहिली!"

"विसरतो माणूस," इन्स्पेक्टर समजुतीने म्हणाले.

साहेबांच्या आवाजातलं लोणी क्षणात करपलं. "मी विसरलेलो नाही! किती वेळा सांगू? लॉक केली होती! ही गाडीच अशी आहे. किल्ली भिंतीच्या आत असली तरी बाहेरून कुणीही उघडतो. दोष गाडीचा आहे, माझा नाही! मला निष्काळजी कोण म्हणतो?"

बाईंनी खुर्ची ओढली, आल्यापासून पहिल्यांदाच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "लिहून घ्या. एकही शब्द गाळू नका."

आपण काय बोललो हे साहेबांना तेव्हा कळलं. पण शब्द मागे घ्यावेत तर ते स्वतः निष्काळजी ठरत होते. त्यांनी सही केली. चोरीचा काही गुन्हा झाला नाही. ठाण्याचं फाटक अडवल्याचा दंड मात्र नियमाप्रमाणे गाडीच्या मालकावर लागला.

बाईंना वाटलं, आता प्रश्न मिटला. तसं व्हायचं नव्हतं. पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी साहेब स्वतः त्यांच्या दारात उभे होते. चालत आले होते. दाढी वाढलेली.

"गाडी काढून घेतली माझी," ते म्हणाले. "मुख्य ऑफिसनं. तो जबाब खरा धरला तर कंपनीला असले सगळे दावे पुन्हा उघडावे लागतील. म्हणून त्यांनी ठरवलंय की माझीच गाडी उघडी राहिली होती. निष्काळजीपणा म्हणून लेखी दिलंय मला." त्यांनी खिशाकडे हात नेला, पण कागद काढला नाही. "गाडी लॉक होती हे ठासून सांगू शकेल असं जगात एकच माणूस आहे. तुम्ही."

सूड घ्यायला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. आतल्या खोलीतून सासूबाईंनीही कान टवकारले. बाईंनी तोंड उघडलं, आणि साहेब खाली बघत हळूच म्हणाले, "खरं सांगू? इतक्या जणांनी विचारलं, की आता मलाच वाटायला लागलंय. राहिली असेल का उघडी?"

बाईंनी त्यांच्याकडे खुर्ची सरकवली. गेल्या महिन्यात कितीतरी वेळा त्या बिछान्यात पडल्या पडल्या ती संध्याकाळ आठवत राहिल्या होत्या. हँडल ओढलं होतं ना? की ओढल्यासारखं केलं? त्या दिवशी पार्किंगमध्ये खट् झालं, तेव्हा साहेबांची जिरली म्हणून नव्हे, तर आपण वेडे नाही म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

"मलाही वाटायला लागलं होतं," त्या म्हणाल्या. कोपऱ्यात कवळी घासत बसलेल्या यजमानांनी मान वर केली. एवढ्या दिवसांत हे बाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

यजमान हातातलं काम ठेवून उठले. "मी विचारायला नको होतं," ते म्हणाले, आणि आत जाऊन तिघांसाठी चहा टाकला.

मग बाईंचा आवाज परत आला. "पण तुम्हाला निष्काळजी म्हणायची हिंमत कशी झाली त्यांची? खट् झालेलं मी या कानांनी ऐकलंय! उठा! चहा घ्या आणि उठा! कुठंय तुमचं ते मुख्य ऑफिस?"

"आता बंद झालं असेल."

"मग उद्या!"

दुसऱ्या दिवशी मुख्य ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर दोन माणसं एका सुरात भांडली. एक अडखळलं की दुसरं तिथून पुढे उचलत होतं. वरिष्ठांनी पहिल्यांदा समजूत घातली, मग पाणी मागवलं, मग वकील मागवला. वकिलाने साहेबांचा जबाब वाचला, बाईंचं बोलणं ऐकलं आणि वरिष्ठांच्या कानात काहीतरी सांगितलं. महिना उलटायच्या आत बाईंचा दावा मंजूर झाला आणि दोघांच्याही कागदांवरून तो शब्द गेला. बाईंनी नवा कागद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. दोन्ही नणंदांना फोनवर वाचून दाखवला. औषधवाल्याकडे तर मुद्दाम काही नको असताना गेल्या.

आलेल्या पैशांतून बाईंनी इलेक्ट्रिक गाडी घेतली नाही. त्यांनी एक जुनी, सेकंडहँड गाडी शोधून आणली. लोखंडी किल्लीची. खुपसावी लागणारी, फिरवावी लागणारी, कडक आवाज करणारी. लॉक केलं की हँडल ओढून बघता येत होतं आणि पर्स घेऊन कुणाला टोकाला पाठवावं लागत नव्हतं. "ही गाडी!" बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "हिला कुणी हात तर लावून दाखवावा!" शिकाऊ हळूहळू परत आले. 'ब्रेक! अहो, ब्रेक!' पुन्हा शहरभर ऐकू यायला लागलं.

आणि एके दिवशी सकाळी बाई क्लासला निघाल्या, तर पर्समध्ये किल्ली नव्हती. वाटीत नव्हती, टेबलावर नव्हती. त्या बाहेर आल्या. गाडी उभी होती. दार अर्धवट उघडं. काच पूर्ण खाली. किल्ली गाडीतच, लावलेली. आतला दिवा रात्रभर जळून जळून पिवळट पडलेला. आदल्या संध्याकाळी बाई एका शिकाऊवर ओरडत ओरडतच उतरल्या होत्या.

बाईंनी आधी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्याकडे बघितलं. तो इमानेइतबारे कुंड्यांकडेच बघत होता. मग त्यांनी पटकन किल्ली काढली, काच चढवली आणि सीट तपासली. मागच्या सीटवर त्यांची छत्री होती, शिकाऊने विसरलेला गॉगल होता, सुटी नाणी होती. सगळं जागच्या जागी. गाडीला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं.

त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तो पुरता बाहेर पडायच्या आतच त्यांच्या मनात काहीतरी खुपायला लागलं. रात्रभर! दार उघडं, किल्ली लावलेली, वर दिवा जळतोय! आणि एकालाही न्यावीशी वाटली नाही? इतकी काय वाईट होती गाडी?

"काय गं?" यजमान खिडकीतून म्हणाले. "काय झालं?"

"कुठं काय?" बाई खेकसल्या, आणि दार त्यांनी असं आपटलं की कुंड्यांवरचे पक्षी उडाले. राग तर मस्तकात गेला होता. पण या खेपेचा राग असा होता, की तो कुणापुढे काढायचीही सोय नव्हती.